अध्यक्षांची तीन मिनिटं

नगरसभेत नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात, असं नियमात लिहिलेलं होतं. नियम लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, मिनिट म्हणजे साठ सेकंद. त्याने हे अध्यक्ष पाहिले नव्हते.

अध्यक्षांच्या मर्जीतला माणूस उभा राहिला की त्याची तीन मिनिटं रबरासारखी ताणली जायची. दुकानदार संघटनेचे चिटकू अप्पा एकदा तीन मिनिटांत सतरा मिनिटं बोलले, मध्ये पाणी प्यायले, आणि घसा ओला झालाच आहे म्हणून आणखी चार मिनिटं बोलले. मर्जीत नसलेला माणूस मात्र 'नमस्कार' म्हणेपर्यंत खाली बसलेला असायचा. घड्याळ चिटणिसांकडे असे. तेही टेबलावर नाही, टेबलाखाली, मांडीवर. चिटणीस मांडीकडे बघायचे, मग अध्यक्षांच्या तोंडाकडे बघायचे, आणि तोंडावर जे वाजले असतील ते जाहीर करायचे. "वेळ संपली."

हा तमाशा नीट, तीन बाजूंनी, जवळून दिसायचा तो एकाच बाईला. सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात काचेची खोली होती. तिथून ती तीन कॅमेरे चालवायची आणि सभेचं थेट प्रक्षेपण लोकांच्या फोनवर सोडायची. सगळे तिला पडदेवाली म्हणत, कारण सभागृहातला मोठा पडदाही तीच सांभाळायची. शिकली होती लग्नांत. नवरानवरीचे व्हिडिओ काढता काढता. पदवी नाही, कागद नाही, हात मात्र तयार. नोकरी कंत्राटी होती, आणि दर सहा महिन्यांनी त्या कंत्राटावर अध्यक्षांची सही लागायची. ज्याच्या तोंडावर कॅमेरा धरायचा त्याच्याच सहीवर पोट. यापेक्षा घाणेरडी सोय कुणी शोधून काढली असती तर त्याला बक्षीस मिळालं असतं.

तिच्या शेजारी ध्वनियंत्रावर भोंगा बसायचा. भोंगा हे नाव थट्टेनं पडलेलं. तो इतका हळू बोलायचा की स्वतःच्या बायकोलाही फोनवर दोनदा सांगावं लागे, मीच बोलतोय.

गेल्या चार सभांत पडदेवालीने एका बाईला चार वेळा अर्ध्यावर खाली बसवलेलं पाहिलं होतं, आणि ती बाई तिची सख्खी आत्या होती. आत्या सव्वीस वर्षांपासून दवाखान्यात आया होती. दवाखान्याच्या दारातला बसथांबा दोन महिन्यांपूर्वी 'रस्त्याच्या कामासाठी तात्पुरता' हलवला गेला. रस्त्याचं काम काही सुरू झालं नाही. थांबा मात्र जाऊन बसला अध्यक्षांच्या मेहुण्याच्या नव्या दुकानसंकुलासमोर. आता तो तिथेच कायम करायचा ठराव येणार होता. आत्याने विरोधाचा एक कागद लिहिला होता. एक पान, मागचीपुढची बाजू. चार सभांत ती सर्वांत लांब गेली ती सातव्या ओळीपर्यंत.

"नाव सांगा. मोठ्यानं. पत्ता? कुठला विभाग? हा कागद दाखल केलाय का? नाही? मग वाचताय कशाच्या आधारे?" अध्यक्ष विचारत राहायचे, आत्या उत्तरं देत राहायची, आणि चिटणिसांच्या मांडीवर घड्याळ पळत राहायचं.

पण पाप कधीतरी कॅमेऱ्यात सापडतंच. चिटकू अप्पांचं एकवीस मिनिटांचं भाषण कुणीतरी घरबसल्या कापलं, त्यावर स्वयंपाकघरातलं अलार्म घड्याळ चिकटवलं आणि गावभर फिरवलं. लोक हसले. अध्यक्षांना हसू चालत नसे. पुढच्याच सभेत त्यांनी छाती काढून जाहीर केलं, "यापुढे मशीनच वेळ मोजेल! थेट चित्रावर, मोठ्या आकड्यांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तीन मिनिटं झाली की माइक आपोआप बंद. मग कुणी माझ्या नावानं बोंब मारायची नाही. आणि लक्षात ठेवा, घड्याळापुढे सगळे सारखे! प्रत्येक विषयावर प्रत्येकाला तीन मिनिटं. माझासुद्धा माइक बंद होईल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांना तो इतका गोड लागला की त्यांनी हेच वाक्य ठरावात घालायला लावलं. ठराव एकमतानं मंजूर. चिटणिसांनी शिक्का मारला.

"लिहून घे, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललाय," पडदेवाली म्हणाली.

"चुकून," भोंगा म्हणाला.

घड्याळ बनवायला तिला नऊ दिवस लागले. बाहेरून वाटतं, त्यात काय, आकडे तर टाकायचेत. टाकून बघा. पहिल्या दिवशी घड्याळ नाचायलाच लागलं. एकचा आकडा सडपातळ, बाकीचे खातेपिते. त्यामुळे एक आला की सगळी रांग डावीकडे सरकायची आणि गेला की उजवीकडे. उलट मोजत जाणारं घड्याळ सेकंदासेकंदाला उचकी लागल्यासारखं हलत होतं. प्रत्येक आकड्याला सारखीच जागा देणारं अक्षरवळण शोधण्यात दीड दिवस गेला. मग आकडे पांढरे केले, तर ते अध्यक्षांच्या पांढऱ्या शर्टात बुडाले. काळी किनार दिली. खाली ठेवले तर बोलणाऱ्याच्या हनुवटीवर बसायचे, वर ठेवले तर अध्यक्षांच्या डोक्यावर मुकुटासारखे.

"राहू दे तिथं," भोंगा म्हणाला. "शोभतंय."

खरी मेख पुढे होती. सभेचं चित्र लोकांच्या फोनवर अठरा सेकंद उशिरा पोचायचं. घड्याळ वेगळं पाठवलं असतं तर आकडा एक सांगणार आणि ओठ दुसरंच. म्हणून तिने आकडे चित्र बाहेर जाण्याआधीच चित्रात मिसळले. उशीर झाला तरी दोघांनाही सारखाच. आणि प्रत्येक माइकला एक असं घड्याळ जोडलं. माइक चालू तर घड्याळ चालू. नऊ सदस्यांचे नऊ माइक, आणि नागरिक जिथे उभे राहून बोलत त्या खांबाचा दहावा.

एक नंबरचा माइक अध्यक्षांचा. त्याला लाल बटण होतं. ते दाबलं की बाकी सगळे माइक मुके.

"साहेबांनी मध्येच बटण दाबलं," भोंगा हळूच म्हणाला, "की समोरच्या बाईचा आवाज बंद. मग तिचं घड्याळ?"

"आवाज बंद तर घड्याळही बंद. जिथं होतं तिथं थांबेल."

"आणि साहेबांचं?"

"ठरावात काय लिहिलंय?"

"सगळे सारखे."

"मग मला कशाला विचारतोस?"

भोंग्याने तिच्याकडे पाहिलं. मग अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "तू मरणार," तो म्हणाला.

"एकटी थोडीच. माइकची तार तू जोडलीयस."

सभेच्या आदल्या दुपारी चिटणीस काचेच्या खोलीत आले. कधी येत नसत. आल्या आल्या त्यांनी यंत्राचं कौतुक केलं, खुर्चीचं केलं, पंख्याचंही केलं.

"साहेब म्हणत होते," ते म्हणाले, "तांत्रिक बाजू जरा लवचिक ठेवा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही वक्त्यांच्या बाबतीत घड्याळ जरा उत्साहानं चाललं तरी हरकत नाही."

"कुठल्या वक्त्यांच्या?"

"आता ते मी सांगायचं का? तुमच्या घरचीच माणसं." चिटणिसांनी रुमालाने मान पुसली. "तुमची फाइल साहेबांच्या टेबलावरच आहे म्हणे. सहीला."

चिटणीस गेले. पडदेवालीच्या डोक्यात तिडीक गेली. समोर पडद्यावर घड्याळाच्या मांडणीत एक छोटा चौकोन होता: वेग. त्यात एक लिहिलेलं होतं. दीड लिहिलं की तीन मिनिटं दोन मिनिटांत संपतात आणि बघणाऱ्याला काही समजत नाही; आकडे तेच, क्रम तोच, फक्त श्वास चोरलेला. हे लोक लाच पाकिटातच घेतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हा चौकोन बघावा. अध्यक्षांना बाईचं एक मिनिट हवं होतं, आणि तेही तिच्या भाचीच्या हातून.

तिने चौकोनाला हात लावला नाही. पण खोटं कशाला बोला, फाइल डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी ती आत्याकडे गेली. आत्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून कागद वाचत होती आणि ओट्यावर फोनचं घड्याळ चालू होतं. दवाखान्यात पाहिलेलं सगळं तिने पानात भरलं होतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तीन मिनिटं चौदा सेकंद.

"चौदा सेकंद जास्त," आत्या म्हणाली. "आणि उद्या मतदान. उद्या पूर्ण वाचून झालं नाही तर संपलंच, मग तो थांबा तिथंच राहणार. शेवटच्या चार ओळींत तर खरं सगळं आहे."

पडदेवालीने ओट्यावरचं घड्याळ बंद केलं. मग म्हणाली, "आत्या, मी घड्याळ किंचित हळू करू शकते. चौदा सेकंद कुणाच्या बापाला कळणार नाहीत."

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "मग त्या मेल्यात आणि तुझ्यात फरक काय? तो चोरून घेतो, तू चोरून देणार."

"तुझ्यासाठीच ना गं."

"तोही मेहुण्यासाठीच करतो. घरच्यांसाठीच करतात सगळे." आत्याने कागद पुढे केला. "त्यापेक्षा काय कापू ते सांग."

दोघींनी डोकी जोडली. गुडघे दुखणाऱ्या मास्तरांची ओळ कापायची नव्हती. नव्या थांब्यापर्यंत मोजलेल्या पावलांची तर नाहीच. आकडे ठेवायचे, तारखा ठेवायच्या. मग पडदेवालीचं बोट सगळ्यात वर गेलं. "हे काय?"

"ते लागतंच. रीत आहे." आत्याने वाचलं, "'सन्माननीय अध्यक्ष महोदय, ज्यांच्या कर्तबगार, दूरदर्शी आणि लोकाभिमुख नेतृत्वाखाली आपलं शहर प्रगतीची नवनवी शिखरं सर करत आहे, तसंच व्यासपीठावरील सर्व सन्माननीय...'"

फोनवर एकवीस सेकंद.

"एकवीस सेकंद नुसतं लोणी!" पडदेवाली ओरडली.

आत्याने कात्री घेतली. खोडता आलं असतं, पण तिने कात्रीच घेतली आणि कागदाची वरची, मागून कोरी असलेली पट्टी सरळ कापून कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सभा भरली. मोठा पडदा अध्यक्षांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर होता, म्हणजे सगळ्या सभागृहाला दिसणारा आणि अध्यक्षांना, चिटणिसांना, सदस्यांना पाठीशी असणारा. पडदेवालीने तो तिथे लावला नव्हता. अध्यक्षांनीच लावून घेतला होता, आपल्या डोक्यामागे आपलाच मोठा चेहरा दिसावा म्हणून.

पहिला बळी चिटकू अप्पा. पार्किंगच्या विषयावर ते उठले, खाकरले, दोन मिनिटं प्रस्तावनेतच रमले. मागे आकडे उतरत होते. शेवटी "आणि म्हणूनच मी आता मूळ मुद्द्याकडे..." एवढ्यावर माइक बंद पडला. अप्पा आणखी काही वेळ तोंड हलवत राहिले. सभागृह खदखदून हसलं.

"मशीन आहे हो अप्पा!" अध्यक्ष हात पसरून म्हणाले. "माझ्या हातात काय?" त्यांना फार मजा येत होती.

मग बसथांब्याचा विषय आला. अध्यक्षांनी माइक ओढला. नव्या जागेत सावली आहे, फरशी आहे, झगमगाट आहे, प्रगती आहे. मेहुणा आहे हे तेवढं राहिलं. पडद्यावर त्यांच्या चेहऱ्याशेजारी आकडे उतरत होते. बोलून थांबले तेव्हा तिथे एक मिनिट पस्तीस उरले होते. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं.

"विरोधात कुणी?" अध्यक्ष म्हणाले. "आहेतच. या बाई."

आत्या खांबाशी उभी राहिली. तिच्या नावाखाली तीन मिनिटं लागली. तिने कागद सरळ केला आणि पहिलाच शब्द उच्चारला, "सहाशे चाळीस. दवाखान्याच्या दारापासून नव्या थांब्यापर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत, आणि..."

लाल बटण दाबलं गेलं.

"एक मिनिट, एक मिनिट, बाई! ही कुठली पद्धत? आधी संबोधन करायचं असतं. सन्माननीय वगैरे काही आहे की नाही? ही सभा आहे, तुमच्या दवाखान्याचा व्हरांडा नाही."

आधीच्या चार सभांत आत्या इथेच घाबरी होऊन भराभर बोलायला लागायची. आज तिने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. तिचं घड्याळ दोन बावन्नवर गप्प उभं होतं. शेजारी अध्यक्षांचं पळत होतं. आत्याने दोन्ही हात कागदावर ठेवले आणि शांत उभी राहिली.

बाई गप्प झाली म्हणजे बाई हरली, असं अध्यक्षांच्या आयुष्याचं गणित होतं. ते खुलले.

"बोला ना! आता का गप्प? नाव सांगा!"

आत्याने त्यांच्या बोटाकडे बोट दाखवलं. बोट लाल बटणावरच होतं. ते असेपर्यंत तिच्या माइकमधून आवाजच येणार नव्हता. लोक हसले. अध्यक्षांना वाटलं, लोक बाईला हसतायत. ते आणखी खुलले.

"हे असं असतं! विरोध करायला यायचं, आणि विचारलं की दातखीळ!" पन्नास. "म्हणे सहाशे चाळीस पावलं! मोजत बसला होतात? दवाखान्यात कामं नसतात वाटतं!" एकेचाळीस. स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसले, सहा सेकंद. सगळं सभागृह त्यांच्या डोक्याच्या वर कुठेतरी बघत होतं आणि प्रत्येकाच्या तोंडावर हसू होतं. एवढं हसरं सभागृह त्यांना कारकिर्दीत मिळालं नव्हतं. माणूस अशा वेळी थांबत नाही.

काचेच्या खोलीत भोंग्याने स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं होतं. एरवी हे थेट प्रक्षेपण चौदा जण बघायचे, त्यातले दोन खोलीतलेच. आता आकडा सहाशेवर गेला होता. कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'साहेब, मागे बघा.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'अजिबात सांगू नका.'

पडदेवालीच्या उजव्या हाताखाली एक कळ होती. ती दाबली की घड्याळ बाजूला पडून माइक चालू राहतो. यंत्र बिघडलं तर असावी म्हणून तिनेच ठेवली होती. आकडा वीसवर आला तेव्हा तिचा हात त्या कळीवर होता. फाइल. सही. सहा महिने. दाबली असती तर तिला कुणी दोष दिला नसता. कुणाला कळलंही नसतं. समोर आत्या उभी होती, हात कागदावर, पाठ ताठ. पडदेवालीने हात उचलला आणि तो जागेवर राहीना म्हणून त्यावर चक्क बसली.

तिकडे चिटणिसांचा फोन थरथरला. घरून बायकोचा निरोप: 'अहो, तुमच्या साहेबांची वीसच सेकंदं राहिली की.' चिटणीस ताडकन उठले. बायको अठरा सेकंद जुनं बघत होती, हे बिचाऱ्यांच्या लक्षात यायलाही वेळ नव्हता.

"प्रगतीच्या आड येणाऱ्यांना मी एकच गोष्ट ठासून सांगतो, की हे शहर..."

हे शहर काय, ते कुणालाच कळलं नाही. अध्यक्षांचे ओठ हलत राहिले. त्यांनी माइकवर टिचकी मारली. फुंकर मारली. बटण दाबलं, सोडलं, दाबलं; माइकबरोबर तेही मेलं होतं. मग काचेच्या खोलीकडे बघून हात नाचवले. हसण्याची अशी लाट उठली की मागच्या रांगेतले लोक उभे राहिले.

खोलीतला अंतर्गत फोन वाजला. चिटणीस. "साहेबांचा माइक चालू करा! आत्ताच्या आत्ता!"

"ठरावात बसत नाही हो," पडदेवाली म्हणाली. "लेखी द्या."

"लेखी? आत्ता?"

"शिक्क्यासकट द्या. नाहीतर माझ्यावर येईल."

सव्वीस वर्षं आत्याला आणि बारा वर्षं तिला जे ऐकवलं गेलं होतं ते एकदा स्वतः बोलताना जिभेवर काय चव येते, ते सांगून समजायचं नाही.

अध्यक्ष शेवटी मागे वळले. भिंतीवर त्यांचा स्वतःचा पाठमोरा, टक्कल पडू लागलेला डोक्याचा मोठा भाग होता, आणि त्याशेजारी त्यांच्या नावाखाली तीन शून्यं उघडझाप करत होती. ते पाहतच राहिले. आपल्याला मागून टक्कल पडतंय हेही बहुधा त्यांना आजच कळलं.

या विषयावर अध्यक्षांना आता बोलता येणार नव्हतं. मग सभा चालवायची कुणी? नियमाप्रमाणे उपाध्यक्षबाईंनी. उपाध्यक्षबाई नऊ वर्षं अध्यक्षांच्या डावीकडे बसून 'अनुमोदन' एवढा एकच शब्द बोलत आल्या होत्या. तो संपल्यावर त्या लोकर विणायच्या. त्यांनी सुया खाली ठेवल्या. माइक नंबर दोन चालू केला. पडद्यावर त्यांची करकरीत तीन मिनिटं लागली. दोन अठ्ठावन्न, दोन सत्तावन्न.

"सभा चालूच आहे ना?" त्यांनी इकडेतिकडे विचारलं. "मग बाई, तुम्ही बोला. संबोधन नको. वेळ जातो."

त्यांनी माइक बंद केला. दोन बावन्नवर थांबलेलं आत्याचं घड्याळ पुन्हा चालायला लागलं.

आत्याने वाचलं. सहाशे चाळीस पावलं; तिने एकदा नाही, पाच वेळा मोजली होती, पाच वेगवेगळ्या पेशंटांबरोबर. निवृत्त मास्तरांना गुडघ्यांच्या व्यायामाला आठवड्यातून तीनदा यावं लागतं. सहाशे चाळीस पावलांत ते अकरा वेळा थांबतात. बसायला कुठे जागा नाही, म्हणून दुकानांच्या पायऱ्यांवर टेकतात, आणि तिथून त्यांना उठवतात, कारण पायरी गिऱ्हाइकांसाठी आहे. एका बाईने येणंच सोडलं. तिला घरी फोन केला तर म्हणाली, व्यायामानं बरं वाटतं, पण चालत परत गेल्यावर होतं तसंच दुखतं, मग कशाला. दोन महिन्यांत व्यायामाच्या खोलीत येणारे त्रेसष्टचे अडतीस झाले. पंचवीस जण बरे झाले म्हणून यायचे थांबले असतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांच्या घरी जाऊन बघावं. पत्ते मागच्या बाजूला लिहिले आहेत.

आत्याने कागद उलटला.

या सभागृहाने ती मागची बाजू कधी पाहिलीच नव्हती. आत्या सावकाश वाचत होती. तिला आता घाई नव्हती. घड्याळ तिच्यासमोर होतं आणि ते फक्त तिचंच होतं.

"शेवटचं," ती म्हणाली. "मी थांबा हलवणाऱ्यांशी भांडायला आलेली नाही. दुकानासमोर आणखी एक थांबा करा, मी स्वतः तिथं उतरून भाजी घेईन. पण ज्याला पाय टाकता येत नाही त्याच्या दारातला थांबा काढून ज्याला गाडी आहे त्याच्या दारात नेऊ नका. एवढंच."

कागद संपला. घड्याळात सात सेकंद होते.

आत्याने पडद्याकडे पाहिलं. खाली बसायचं सोडून ती तशीच उभी राहिली. सहा. पाच. पडदेवालीने कॅमेरा हलवला नाही. चष्मा नाकावर घसरलेला, कागद छातीशी धरलेला, अशी एक बाई स्वतःचे उरलेले सेकंद शेवटपर्यंत वापरत होती. एक. शून्य.

टाळ्या कुणी सुरू केल्या कळलं नाही. बहुधा मास्तरांनी, ते तिसऱ्या रांगेत बसले होते.

उपाध्यक्षबाईंनी मतं घेतली. "थांबा दुकानासमोर कायम करावा, असं वाटणाऱ्यांनी हात वर करा." चार हात. अध्यक्षांचा सगळ्यात उंच. "विरोधात?" एक हात आला. मग दुसरा, सावकाश. मग दोघांनी एकमेकांकडे बघत एकदमच केले. चार आणि चार. चिटणिसांनी दोनदा मोजले, बोटांनी मोजले, आणि मग सगळे उपाध्यक्षबाईंकडे बघायला लागले.

उपाध्यक्षबाईंनी आपला हात वर केला आणि तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा त्याच्याकडे पाहिलं.

"पाच," त्या म्हणाल्या. "ठराव नामंजूर. थांबा परत दवाखान्याच्या दारात."

सभागृहात गलका झाला. अध्यक्ष कागद गोळा करायला लागले. एरवी त्यांचे कागद चिटणीस गोळा करत, पण चिटणीस फोनवर बायकोला काहीतरी समजावत होते. भोंग्याने तेवढ्यात विचारलं, "फाइलचं काय?"

"व्हायचं ते होऊ दे. लग्नं काय बंद पडली नाहीत," पडदेवाली म्हणाली, आणि कॅमेरा पुन्हा खांबाकडे वळवला, कारण आत्या अजून तिथेच होती.

तिचा माइक बंद झालेला होता. पण सव्वीस वर्षं वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारलेल्या बाईला माइक लागत नाही.

"थांबा परत कधी येणार?" आत्याने विचारलं.

"उद्या," उपाध्यक्षबाई माइकवर म्हणाल्या.

"उद्या म्हणजे किती वाजता?"

उपाध्यक्षबाईंनी प्रथमच मागे वळून पडद्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे अजून दोन मिनिटं वीस सेकंद होती. "पहिली गाडी कितीची असते हो?" त्यांनी आत्यालाच विचारलं.

"सहा दहाची."

"मग त्याच्या आधी."

पडदेवालीने घड्याळ चित्रातून काढलं आणि त्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: उद्या, दवाखान्यासमोर, पहिली गाडी सहा दहा. ते लोकांच्या फोनवर अठरा सेकंदांनी पोचलं.